इंग्रजी आडनावांचा अर्थ आजच्या इंग्रजीत शोधू नये

नीलमोहर

१८६२ ते १८६७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या बार्टल फ्रिअर यांचे पूर्ण नाव हेन्री बार्टल एडवर्ड फ्रिअर असे होते. या एका नावात चार भाषा नांदतात. हेन्री हे 'घर' आणि 'सत्ता' या अर्थांच्या दोन जर्मानिक शब्दांचे नाव नॉर्मन लोकांनी इंग्लंडात आणले. बार्टल हे बार्थोलोम्यूचे लाडके रूप असून मूळ नाव अरमाइक भाषेतले, म्हणजे 'तल्मयचा मुलगा' असे आहे. एडवर्ड हे अस्सल जुन्या इंग्रजीतले नाव आहे आणि त्यात 'ऐश्वर्य' व 'रक्षक' असे दोन शब्द आहेत. फ्रिअर हा फ्रेंच शब्द आहे. त्याचा अर्थ 'भाऊ' असा असून मठातल्या बंधूंनाही तो लावला जाई.

इंग्रजी नावांच्या अर्थांच्या याद्या आंतरजालावर शेकड्यांनी सापडतात. त्यांतल्या पुष्कळ याद्यांमध्ये आजच्या शब्दकोशातला जवळचा शब्द उचलून तो नावाला चिकटवलेला असतो. त्या रीतीने हॉकिन्स ससाण्याशी जोडला जातो, वॉटर्स पाण्याशी जोडला जातो आणि वॉकर हा पायी भटकणारा ठरतो. बहुतेक घराण्यांच्या बाबतीत हे तिन्ही अर्थ चुकीचे आहेत. आडनाव कोणत्या परगण्यातले आहे, त्याची सर्वांत जुनी नोंद कशी लिहिलेली आहे आणि त्या काळी तिथली बोली कोणती होती, हे पाहिल्याशिवाय अर्थ सांगूच नये, असे माझे ठाम मत आहे. त्यासाठीच हा धागा काढत आहे.

सुरुवात १०६६ पासून करावी लागते. नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकण्यापूर्वी तिथल्या लोकांची नावे गॉडविन, लिओफ्रिक, वुल्फस्टन, एथेलरेड अशी होती. दोन शब्द जोडून नाव घडवण्याची ती पद्धत होती आणि नावांचे वैविध्य मोठे होते. जेत्यांची नावे मात्र मोजकीच होती, आणि विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड, हेन्री, ह्यू, रॉजर, वॉल्टर ही नावे आधी सरदारांत व नंतर खेड्यापाड्यांत पसरली. हा बदल सक्तीने झाला नाही, प्रतिष्ठेच्या ओढीने झाला. व्हिटबी येथे स्कँडिनेव्हियन वळणाच्या घरात जन्मलेल्या एका मुलाचे नाव तोस्टी होते. सवंगडी त्या नावाला हसतात म्हणून त्याचे नाव बदलून विल्यम ठेवण्यात आले. पुढे तो डरहॅमच्या मठात गेला, तिथे त्याला बार्थोलोम्यू हे तिसरे नाव मिळाले आणि ११९३ मध्ये फार्न बेटावर एकांतवासी साधू म्हणून तो वारला. एका आयुष्यातली ही तीन नावे त्या शतकात काय घडत होते ते स्पष्ट दाखवतात.

जुन्या इंग्रजी नावांपैकी एडवर्ड आणि एडमंड ही नावे टिकली, याचे मोठे श्रेय तिसऱ्या हेन्री राजाला जाते. संतपद मिळालेल्या एडवर्ड राजावर त्याची अपार भक्ती होती, म्हणून त्याने १२३९ मध्ये जन्मलेल्या थोरल्या मुलाचे नाव एडवर्ड ठेवले आणि धाकट्याला दुसऱ्या संत राजाचे, म्हणजे एडमंडचे नाव दिले. राजघराण्यात शिरलेली ही नावे मग जनतेतही पुन्हा रूढ झाली.

नावे थोडी आणि माणसे पुष्कळ अशी स्थिती आल्यावर एकाच गावातल्या अनेक विल्यमांना आणि जॉनांना वेगळे ओळखण्यासाठी दोन वाटा निघाल्या. एक वाट लाडक्या रूपांची होती आणि माझ्या मते इंग्रजी आडनावांची खरी किल्ली तिथेच आहे. रॉबर्टचा रॉब झाला आणि यमक जुळवत हॉब व डॉब झाले. रिचर्डचा रिक, मग हिक आणि डिक. रॉजरचा हॉज आणि डॉज. या रूपांना 'किन', 'कॉक' किंवा 'इन' असे लाडाचे प्रत्यय जोडले जात. म्हणून रॉबिन्सन, रॉबसन, हॉब्ज, हॉबसन, हॉपकिन्स, डॉबसन ही सगळी एका रॉबर्टची लेकरे आहेत. रिचर्ड्‌स, हिक्स, डिक्सन आणि डिकन्स ही रिचर्डची, तर विल्सन, विलिस, विल्किन्सन आणि विल्कॉक्स ही विल्यमची आहेत. हेन्रीचा सर्रास उच्चार हॅरी असा होता, त्यामुळे हॅरिस व हॅरिसन झाले. त्याचाच हॅल आणि हॉ झाला. हॉकिन्स तिथून आला आहे. वॉल्टरमधला 'ल' मध्ययुगात उच्चारला जात नसे, म्हणून वॉटर्स, वॉट, वॉटसन आणि वॉटकिन्स ही वॉल्टरचीच आडनावे होत.

दुसरी वाट वर्णनाची: कोणाचा मुलगा, कोणत्या गावचा, कोणता धंदा करणारा, दिसायला कसा. अशी वर्णने आरंभी माणसाबरोबर संपत. ती वारशाने पुढे जाऊ लागली ती प्रथम नॉर्मन जमीनदारांत, मग दक्षिणेकडील शहरांत आणि सर्वांत शेवटी उत्तरेकडील खेड्यांत. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात बहुतेकांना आडनाव होते. १५३८ पासून प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या स्थानिक विभागात, बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंदवही ठेवण्याचा हुकूम निघाल्यावर ही व्यवस्था पक्की झाली.

सभासदांनी आपल्याला माहीत असलेली उदाहरणे आणि शंका जरूर मांडाव्यात.

पाणिनीय

धागा आवडला. व्यवसायावरून आलेल्या आडनावांविषयी एक प्रश्न आहे. स्मिथ हे आडनाव इंग्लंडात सर्वाधिक आढळते हे माहीत होते. परंतु त्या काळी बहुसंख्य लोक शेती करत असताना फार्मर हे आडनाव इतके विरळ का असावे?

नीलमोहर

पाणिनीय, आपल्या प्रश्नातच उत्तर दडलेले आहे. आडनावाचे काम एकाला दुसऱ्यापासून वेगळे काढण्याचे होते. ज्या गावात सगळेच नांगर धरत, तिथे शेती ही ओळख होऊ शकत नव्हती. लोहार मात्र गावागणिक एखादाच असे आणि त्याच्याशिवाय कोणाचेच चालत नसे, त्यामुळे शेकडो गावांत स्वतंत्रपणे स्मिथ हे आडनाव जन्मले. शिवाय फार्मर म्हणजे मुळात शेतकरी नव्हेच. मध्ययुगात 'फार्म' म्हणजे ठरीव खंड, आणि फार्मर म्हणजे ठरलेल्या रकमेवर महसूल किंवा कर गोळा करण्याचा मक्ता घेणारा. आपल्याकडे त्याला इजारदार म्हटले असते.

वॉकरचा उल्लेख वर केला आहे, त्याचा खुलासा करतो. विणलेले लोकरी कापड पाण्यात घालून तुडवले की ते आटून घट्ट होते. हे काम करणाऱ्याला आग्नेय इंग्लंडात फुलर, नैर्ऋत्येला टकर आणि उत्तरेला व पश्चिम मध्य भागात वॉकर म्हणत, कारण तो कापडावर अक्षरशः चालत असे. धंदा एकच आणि आडनावे तीन. एखाद्या घराण्याचे मूळ गाव माहीत नसले तरी यातले कोणते आडनाव त्यांच्याकडे आहे यावरून मूळ प्रदेशाचा अंदाज करता येतो. विणकरांचेही असेच आहे: वेब, वेबर आणि वेबस्टर.

वेबस्टरमधला 'स्टर' हा प्रत्यय जुन्या इंग्रजीत स्त्रीलिंगी होता. कापड विणणे, पाव भाजणे आणि बिअर गाळणे ही कामे पुष्कळदा बायकांकडे असत, त्यांतून वेबस्टर, बॅक्स्टर आणि ब्रूस्टर ही रूपे आली. पुढे, विशेषतः उत्तरेत, ती पुरुषांनाही लावली जाऊ लागली, त्यामुळे प्रत्येक बॅक्स्टर घराण्याची मूळ व्यक्ती स्त्रीच होती असे मात्र म्हणता येत नाही. ज्या आडनावांत आईचे नावच आहे तिथे शंका उरत नाही. टिलट्‌सनमध्ये मटिल्डा आहे, इबट्‌सनमध्ये इझाबेल आहे आणि मॅरियटमध्ये मेरी आहे. विधवेने वाढवलेली मुले, किंवा आईकडून जमीन मिळालेली मुले अशा नावाने ओळखली जात. या स्त्रियांचे नाव शतकानुशतके टिकून राहिले याचा मला फार आनंद वाटतो.

राजघराण्याचे एक आडनावही हुद्द्यावरूनच आले आहे. स्ट्युअर्ड म्हणजे वाड्याचा कारभारी. स्कॉटलंडच्या राजांचे वंशपरंपरागत कारभारी असलेल्या घराण्यातला रॉबर्ट १३७१ मध्ये स्वतः राजा झाला आणि स्ट्युअर्ट हे घराण्याचे नाव ठरले.

सीमा_कार्डिफ

मी वेल्समध्ये राहते, त्यामुळे इथल्या आडनावांविषयी थोडे सविस्तर लिहिते. इंग्लंडाचा नियम इथे लावता येत नाही. वेल्समध्ये स्थिर आडनाव नव्हतेच. 'अप' किंवा स्वरापूर्वी 'अब' म्हणजे 'चा मुलगा', आणि अशी चार-पाच पिढ्यांची साखळी माणूस स्वतःच्या नावापुढे सहज म्हणून दाखवत असे. १५३६ आणि १५४३ च्या कायद्यांनी वेल्स इंग्लंडाच्या कायदेव्यवस्थेत आणल्यावर न्यायालयातल्या आणि चर्चमधल्या इंग्रजी वळणाच्या लेखनिकांना ही साखळी अडचणीची वाटू लागली. मग वडिलांचे नाव तिथेच गोठले. उच्चवर्गात हे लवकर झाले. डोंगराळ भागात मात्र जुनी पद्धत आणखी दोन-अडीच शतके चालू राहिली.

या गोठण्यात 'अप' मधला शेवटचा व्यंजनध्वनी पुढच्या नावाला चिकटला. अप ऱ्हीसचा प्राइस झाला, अप हौएलचा पॉवेल, अप ह्यूचा प्यू, अप रिचर्डचा प्रिचर्ड, अब एव्हनचा बेव्हन आणि अब ओवेनचा बोवेन. प्राइस या आडनावाचा किमतीशी काहीही संबंध नाही, हे धागाकर्त्यांच्या मुद्द्याला पुष्टी देणारे उदाहरण आहे.

जोन्स हे वेल्समधले सर्वांत मोठे आडनाव. परंतु पारंपरिक वेल्श वर्णमालेत 'ज' साठी अक्षरच नव्हते. जॉनचे जुने वेल्श रूप येयान असे होते, त्यातून एव्हन्स आले. पुढे बायबल आणि चर्चच्या नोंदींमधून जॉन हे रूप रूढ झाल्यावर जोन्स आले. म्हणजे एव्हन्स आणि जोन्स यांचे मूळ नाव एकच आहे. नावे इतकी थोडी असल्याने गावात पाच-सहा जोन्स कुटुंबे असतात आणि मग दूधवाला जोन्स, टपालवाला जोन्स अशी नवी वर्णने लागतात. ज्या अडचणीतून आडनाव ही गोष्ट जन्मली, तीच अडचण इथे आडनावांनी पुन्हा निर्माण केली.

वर्णनावरून आलेली काही वेल्श आडनावेही आहेत. लॉइड म्हणजे राखाडी, गॉफ म्हणजे तांबडा, आणि वॉन म्हणजे लहान किंवा धाकटा. यांतली पहिली दोन बहुधा केसांच्या रंगावरून पडलेली असतात.

घोडनदी

महाराष्ट्राच्या इतिहासाशी निगडित तीन नावांची भर घालतो.

१८०३ मध्ये असईच्या लढाईत मराठ्यांविरुद्ध लढलेला आर्थर वेलस्ली जन्माने वेस्ली होता. त्याच्या आजोबांचे मूळ आडनाव कॉली असे होते. १७२८ मध्ये वेस्ली नावाच्या नातेवाइकाची इस्टेट मिळाली तेव्हा त्यांनी तिच्याबरोबर ते आडनाव घेतले. १७९८ च्या सुमारास आर्थर व त्याच्या भावंडांनी वेलस्ली हे जुने लांब रूप पुन्हा स्वीकारले. ते सॉमरसेटमधल्या एका ठिकाणाचे नाव आहे. त्याच्या शेवटचा 'ली' म्हणजे जंगलातली मोकळी जागा, आणि अ‍ॅशली, शर्ली, स्टॅनली या नावांतही तोच आहे.

मराठ्यांचा इतिहास लिहिणारे ग्रँट डफ हे मूळचे जेम्स ग्रँट. आईकडून आलेल्या इस्टेटीबरोबर त्यांनी डफ हे आडनाव जोडले आणि १८२६ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला तो या जोडनावाने. ग्रँट हा नॉर्मन फ्रेंच शब्द असून त्याचा अर्थ 'मोठा' किंवा 'थोराड' असा आहे, तर डफ हा स्कॉटलंडच्या गेलिक भाषेतला 'काळा' या अर्थाचा शब्द आहे.

१८३१ आणि १८५७ च्या ज्या कोशावाचून मराठीचा अभ्यास होत नाही, त्याचे कर्ते मोल्सवर्थ. हे हंटिंग्डनशरमधल्या एका खेड्याचे नाव आहे. 'वर्थ' म्हणजे कुंपण घातलेली वस्ती, आणि ती मूल नावाच्या कोणा माणसाची. मुंबईत ज्यांच्या नावाने मंडई प्रसिद्ध आहे त्या आर्थर क्रॉफर्ड यांचे आडनावही गावाचेच, स्कॉटलंडमधल्या लॅनार्कशरमधले: कावळ्यांचा उतार, म्हणजे नदी ओलांडण्याची उथळ जागा.

आपल्याकडच्या 'कर' लावलेल्या आडनावांप्रमाणे ही नावेही बहुतेकदा गाव सोडून गेलेल्या माणसाला नव्या गावाने दिलेली असतात, हेही इथे नोंदवण्याजोगे आहे.

पाणिनीय

रंगावरून आलेल्या इंग्रजी आडनावांचे अर्थ तरी निःसंशय मानावेत का? आणि एका आडनावाचे सगळे लोक एका कुळातले असतात काय?

नीलमोहर

पहिल्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे. व्हाइट, ब्राउन, रीड यांत फारशी अडचण नाही. रीड म्हणजे तांबडा, आणि त्याचेच फ्रेंच भावंड म्हणजे रसेल. ब्लॅक आणि ब्लेक यांच्यापाशी मात्र थांबावे लागते. जुन्या इंग्रजीत 'काळा' आणि 'फिकट, पांढुरका' या अर्थांचे दोन वेगळे शब्द होते आणि त्यांच्यातला फरक केवळ स्वराच्या ऱ्हस्वदीर्घपणाचा होता. मध्ययुगीन नोंदींत दोन्ही एकसारखे लिहिले गेले. त्यामुळे ब्लेक घराण्याचा मूळ पुरुष काळासावळा होता की फिकट गोरा, हे केवळ नावावरून सांगता येत नाही. किंग, बिशप आणि पोप ही आडनावेही अशीच फसवी आहेत. ती राजाच्या किंवा बिशपच्या पदरी असलेल्या माणसाला, उत्सवातल्या नाटकात ती भूमिका करणाऱ्याला, नाहीतर तसा तोरा मिरवणाऱ्याला मिळालेली असतात.

दुसरा प्रश्न फार मोलाचा आहे. वाय गुणसूत्र वडिलांकडून मुलाकडे जाते आणि इंग्लंडात आडनावही त्याच मार्गाने जाते, त्यामुळे दोन्हींची तुलना करता येते. ऑक्सफर्डचे ब्रायन साइक्स यांनी २००० साली स्वतःच्याच आडनावाच्या, परस्परांशी नाते माहीत नसलेल्या पुरुषांची तपासणी केली. साइक्स म्हणजे यॉर्कशरच्या बोलीत ओहोळ. असे ओहोळ जागोजागी असल्याने हे आडनाव अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे पडले असावे, अशी समजूत होती. प्रत्यक्षात जवळपास निम्म्या पुरुषांत एकच गुणसूत्रप्रकार आढळला आणि सगळे एका मूळ पुरुषाचे वंशज असण्याची शक्यता पुढे आली. उरलेल्यांत तो आढळला नाही याचे कारण सातशे वर्षांत झालेली दत्तके आणि विवाहबाह्य जन्म असे मानले जाते. स्मिथसारख्या सर्वत्र जन्मलेल्या आडनावांत अशी एकवाक्यता आढळत नाही; आडनाव जितके दुर्मीळ, तितकी एका कुळाची शक्यता अधिक.

अपर्णा_ज

चर्चा पूर्णपणे आडनावांकडे वळली आहे. मुलींच्या नावांविषयीही लिहावे, अशी विनंती. शर्ली हे वर जागेचे नाव म्हणून आले आहे, ते मुलींचे नाव कसे झाले?

नीलमोहर

शर्ली म्हणजे उजळ मोकळी जागा; ते आधी गावांचे, मग आडनाव आणि क्वचित मुलग्यांचे नाव होते. शार्लट ब्राँटी यांच्या १८४९ च्या कादंबरीतल्या नायिकेच्या आईवडिलांना मुलगा हवा असतो, म्हणून ते मुलासाठी योजलेले हे नाव मुलीला देतात. ती कादंबरी वाचली गेली आणि नाव मुलींकडे गेले. अ‍ॅशली, बेव्हर्ली, लेस्ली यांचा प्रवास थोड्याफार फरकाने असाच झाला. उलट दिशेने, मुलींकडून मुलांकडे, गेलेले नाव फार क्वचित सापडते.

लेखकांनी घडवलेले नाव म्हणून व्हनेसाचे उदाहरण द्यावे लागेल. जोनाथन स्विफ्ट यांनी एस्थर व्हॅनहोम्री या मैत्रिणीच्या आडनावाचा पहिला तुकडा आणि नावाचे लाडके रूप जोडून ते तयार केले. हे नाव ज्या कवितेत आले ती त्यांची कविता १७२६ मध्ये छापली गेली.

सोळाव्या-सतराव्या शतकांत कडव्या प्रॉटेस्टंट पंथीयांनी संतांची नावे टाळून बायबलच्या जुन्या करारातली नावे आणि गुणांची नावे स्वीकारली. ग्रेस, फेथ, प्रूडन्स, पेशन्स ही त्या काळची देणगी आहे. काहींनी संपूर्ण वाक्येच नाव म्हणून ठेवली. १६५३ ची अल्पजीवी संसद ज्याच्या आडनावाने ओळखली जाते त्या बेअरबोनचे पहिले नाव 'देवाची स्तुती कर' असे होते.

लाडक्या नावांत पुढे आलेल्या 'न'चाही खुलासा करतो. एडवर्डचा नेड, अ‍ॅनची नॅन आणि एलनची नेल झाली ती 'माझा एड' म्हणताना जुन्या 'माइन' मधला 'न' नावाकडे सरकल्यामुळे. नॅश या आडनावातला 'न' असाच आहे: 'अ‍ॅश' वृक्षापाशी राहणाऱ्याच्या वर्णनातल्या शब्दयोगी अव्ययाचा शेवट नावाला लागला. सीमाताईंनी सांगितलेल्या प्राइस आणि बेव्हनमध्येही हेच घडले आहे.

कोकणवेडा

ही नावे मराठीत लिहिताना स्पेलिंग पाहावे की उच्चार? भाषांतराच्या कामात ही अडचण वारंवार येते.

सीमा_कार्डिफ

उच्चारच पाहावा, आणि तोही त्या व्यक्तीचा किंवा घराण्याचा. स्पेलिंग शतकांपूर्वीचे आणि उच्चार आजचा, अशी पुष्कळ आडनावे आहेत. 'सुंदर शेत' या अर्थाचे फ्रेंच आडनाव इंग्लंडात बीचम असे उच्चारले जाते, आणि अक्षरांवरून चोलमाँडली वाटणारे आडनाव प्रत्यक्षात चमली आहे. स्कॉटलंडच्या मेन्झीस आडनावातला 'झेड' हा मुळी 'झेड' नाहीच. 'य' आणि 'ग' यांच्या जवळपासच्या ध्वनीसाठी जुन्या लिपीत एक वेगळे अक्षर होते, छापखान्यांत त्याचा खिळा नसल्याने दिसायला जवळचा 'झेड' वापरला गेला. म्हणून स्कॉटलंडमधली अनेक कुटुंबे आपले आडनाव मिंगिस असे उच्चारतात. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान रॉबर्ट मेन्झीस यांच्या बाबतीत मात्र स्पेलिंगप्रमाणे झालेला उच्चारच रूढ आहे, तेव्हा त्यांना मराठीत मिंगिस लिहू नये.